मागच्या सीटवरचा ड्रायव्हर

पार्कात जाताना माणूस कसा दिसतो हे कुणीही सांगेल. परत येताना कसा दिसतो ते कप्तानला विचारावं.

कप्तान हे काही त्याचं खरं नाव नव्हे. टुरिस्ट बसच्या डेपोत कामाला लागला त्या पहिल्याच दिवशी तो कुठूनशी मिळवलेली, जहाजावरच्या लोकांसारखी पांढरी टोपी घालून आला, आणि गाडीखाली आडव्या पडलेल्या मेकॅनिकनं तिथूनच हाक दिली, "कप्तान, जहाज त्या कोपऱ्यात लावा." टोपी वर्षभरात काळी पडून काच पुसायच्या फडक्यांत गेली. नाव चिकटलं ते चिकटलंच. आता पगार काढणारा कारकूनसुद्धा कप्तान म्हणतो. बायको चिडली की "या, कप्तानसाहेब" म्हणते, तेव्हा जेवण कधीच गार झालंय असं समजायचं.

त्याच्या वाट्याला आली ती पार्कांची लाइन. शहराच्या तीन अंगांना तीन पार्कं. एक उंच पाळण्यांचं, त्याला सगळे नुसतं 'उंच' म्हणत. दुसरं पाण्याचं. तिसरं डोंगरापलीकडे, घाट चढून उतरलं की लागायचं, ते पोरांचं शहर: गुडघ्याएवढ्या इमारती, कमरेएवढे सिग्नल, आणि पोरांनी स्वतः चालवायच्या छोट्या मोटारी. शाळांच्या सहली, कंपन्यांच्या सहली, लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्यांच्या सहली, सगळ्यांना कप्ताननं सकाळी नेऊन सोडलं होतं आणि संध्याकाळी उचललं होतं.

संध्याकाळी माणसं चढायची तेव्हा तो आरशात बघायचा. 'उंच'मधून येणाऱ्यांचा घसा बसलेला. सकाळी गाणी म्हणत गेलेली मंडळी खुणांनी पाणी मागायची. पाण्याच्या पार्कातून यायची ती भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी, फुगलेली आणि गप्प. बस सुरू होताच माना टाकायची, आणि सीटवर ओले डाग ठेवून जायची. पोरांच्या शहरातून मात्र थोरली माणसं भांडून यायची. नवरा एका खिडकीशी, बायको दुसरीशी, आणि मधे पोर गळ्यात फोटोचं लायसन अडकवून बसलेलं, राजासारखं. रस्ता कुठला हे न बघता नुसत्या आरशावरून कप्ताननं सांगितलं असतं की आपण आज कुठून निघालो.

आत मात्र तो कधी गेला नव्हता. एकदाही नाही. माणसं फाटकाशी उतरवायची, बस मागच्या तळावर न्यायची, आणि मग दिवसभर शेवटच्या लांब सीटवर अंग टाकायचं. बाहेरून ती झोप वाटे. पत्रा तापलेला, खिडकीतून शेजारच्या बसचा धूर, आणि एक कान सतत उघडा, कारण कुठल्या तरी पोराची आई औषधाची पिशवी विसरली म्हणून काच वाजवणारच. ड्रायव्हरची झोप ही एका डोळ्याची. दुसरा डोळा कंपनीचा.

आधी थकवा झोपेनं जायचा. हल्ली जात नव्हता. सीटच्या फोमात माणसाचा आकार बसतो तसा तो अंगात बसला होता. सकाळी उठल्यावर कप्तान पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचा आणि उजव्या पावलाकडे बघत राहायचा, की हा आता पुन्हा त्या पॅडलवर जाणार. बायको म्हणायची, "बघून काय मिळतंय? मोजे घाला."

बायको बायकांचे केस कापायची, वळवायची, रंगवायची. दुकान मालकिणीचं, पाय हिचे. घरी आली की कोमट पाण्याच्या टबात पाय बुडवून बसायची आणि कुणी काही मागितलं तर म्हणायची, "टबात आहे." टबातल्या बाईला काही मागायचं नाही, हा त्या दोन खोल्यांतला कायदा होता.

तर अशा घरात सुट्टी आली. हंगाम संपला होता, डेपोच्या साहेबानं कप्तानला बोलावून सांगितलं, "तुझ्या सुट्ट्या साठल्यात. घे, नाहीतर बुडतील." पोरांच्या शाळाही बंद. कप्तानच्या डोळ्यांपुढे आपला पलंग आला, पडदे ओढलेली खोली आली. पण घरी येऊन तो बूट काढतोय तोच धाकटी समोर उभी. नऊ वर्षांची, कमरेवर हात.

"मला कळलं. तुम्हाला सुट्टी आहे."

"कुणी सांगितलं?"

"डेपोतल्या काकांचा फोन आला होता, तुम्ही डबा विसरलात म्हणून. बाबा, तुम्ही सगळ्यांच्या पोरांना पार्कात नेता. आम्हाला कधी नेलंत?"

थोरला कानातल्या वायरी न काढताच आतून ओरडला, "हां, ते बरोबर आहे!" कप्ताननं टबाकडे बघितलं. टबातली बाई म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? पोरगी काय चूक बोलली?"

झालं. तीन दिवस, तीन पार्कं असं ठरलं. थोरल्याला 'उंच' हवं, बायकोला पाण्याचं, कारण तिथं म्हणे खुर्च्यांवर पडून राहता येतं. आणि धाकटीला पोरांचं शहर. तिथलं ते फोटोचं लायसन तिच्या वर्गातल्या दोघींकडे होतं, आणि त्यांचे बाप तर ड्रायव्हरही नव्हते. हा अन्याय ती गेलं वर्षभर गिळून बसली होती.

रविवारी मामा आला, म्हणजे बायकोचा भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान, स्वभाव हौशी. गेल्या वर्षी त्यानं सात जण बसतील अशी मोठी गाडी घेतली होती. घरात तो एकटा. गाडी घरून दुकानात जायची, दुकानातून घरी यायची, आणि रविवारी धुतली जायची.

"दाजी," तो टेबलावर किल्ली आपटून म्हणाला, "गाडी माझी, हात तुमचे! खर्चाची चिंता नको. मी पण येतो."

"म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार," बायको म्हणाली.

"ताई, गाडी माझी आहे ना? मग बायजी कोण?"

"चालवणार कोण ते बघ, म्हणजे कळेल."

कप्तान चहात बिस्किट बुडवत होता. ते तुटून आत पडलं. तो चमच्यानं शोधत राहिला.

"बाबा, तुम्ही प्लॅन सांगा," थोरला म्हणाला. "तुम्हाला तर सगळं पाठ आहे."

प्लॅन सांगायचा म्हटल्यावर कप्तानला जरा बरं वाटलं. निदान हे तरी त्याला येत होतं. त्यानं चमचा खाली ठेवला. "पहिल्या दिवशी 'उंच'. उजाडायच्या आधी निघायचं. दुधाच्या गाड्या रस्त्यावर असतात तोवर नाका पार. पेट्रोलपंपाशी पहिला थांबा. तिथला संडास स्वच्छ असतो, पुढच्या पंपावरचा बघवत नाही. मग सरळ फाटक. डाव्या बाजूला उतरायचं, उजवीकडे ऊन. संध्याकाळी फाटकातून पहिल्या लोंढ्याबरोबर यायचं नाही, दुसऱ्याबरोबर यायचं, तोवर तळ मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी पाण्याचं. निघताना प्रत्येकाच्या सीटवर प्लॅस्टिक टाकायचं. तिसऱ्या दिवशी घाट. पोरांना रिकाम्या पोटी न्यायचं नाही, भरल्या पोटीही नाही. चौथ्या वळणावर उलट्या होतात, पिशव्या हाताशी…"

तो तिन्ही दिवस सांगून थांबला. सगळे वाट बघत होते.

"आणि मधे?" धाकटीनं विचारलं.

"कशाच्या मधे?"

"पोचलो आणि निघालो, याच्या मधे. आत गेल्यावर काय करायचं?"

कप्ताननं चमचा पुन्हा उचलला. आत काय करतात हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पोचणं होतं, निघणं होतं, मधली जागा कोरी होती. त्याच्या हिशेबी तिथं झोप असायची.

आधी मामा हसला, मग थोरला, मग बायको इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. "म्हणजे वाढप्याला विचारलं जेवण कसं होतं, आणि तो म्हणतो ताटं चकचकीत होती!"

कप्तानही हसला. हसता हसता त्याच्या तोंडून निघून गेलं, "पण मी चालवणार नाही."

"काय चालवणार नाही?"

"गाडी."

हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. मामाचं सगळ्यात शेवटी. "दाजी, माशानं म्हणावं मी पोहणार नाही!"

"मासा सुट्टीवर आहे."

"अहो, पण तुम्हाला काय जड आहे?" बायको म्हणाली. "दिवसभर बसूनच तर असता. मी उभी असते म्हणून माझे पाय जातात. बसून कुणी दमतं का?"

"मग बदल. तू माझ्या जागी बस, मी तुझ्या जागी उभा राहतो. गिऱ्हाइकांना मात्र आधी कळव, कान सांभाळून बसा म्हणावं."

"विषय टाळू नका."

तो टाळत नव्हता. त्याला सांगताच येत नव्हतं. बसणं हे काम नाही, मान्य. हात फिरवणं, पाय दाबणं, हेही काही ओझं उचलणं नाही. पण रस्ता सारखा समोरून अंगावर येतो. सायकलवाला येतो, कुत्रं येतं, कुणाचं पोर चेंडूमागे येतं, आणि प्रत्येकाला आधी बघायचं असतं, ते यायच्या आधी. मागे चाळीस माणसं निवांत झोपलेली असतात ती यानं बघितलं म्हणून. त्याला एकदा, एकदाच, खिडकीला गाल लावून बसायचं होतं. रस्ता अंगावर न येता बाजूनं निघून जावा, आणि कुत्रं आलं तर ते दुसऱ्या कुणी बघावं. एवढंच. पण हे चहाच्या टेबलावर कसं बोलायचं? म्हणून तो म्हणाला, "कंटाळा आलाय."

"कंटाळा!" बायको म्हणाली. "मला नाही येत? उभं राहायला मला पार्कातल्या रांगा कशाला हव्यात, दुकान आहे की. तरी येतेच आहे ना?"

हे मात्र त्याला नवीन होतं. "तुलाही जायचं नाहीये?"

"मला खुर्चीवर पडायचंय. ती पाण्याकाठी असो नाहीतर संडासाबाहेर असो." मग पोरांकडे बघून ती म्हणाली, "तुम्ही हे ऐकलं नाहीत."

"ऐकलं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "घाटातून कोण नेणार मग?"

मामानं छाती पुढे काढली. "मी आहे ना! लायसन काय भिंतीला लावायला घेतलंय?"

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि मग कप्तानकडे. कप्तान कपातलं बिस्किट खात होता.

पुढच्या रविवारी दुपारी मामाची परीक्षा ठरली. शहराभोवतीच्या रिंगरोडवर एक चक्कर. जमलं तर तिन्ही पार्कं, नाही जमलं तर काय ते दाजींनी बघावं. कप्तानला त्यातलं शेवटचं वाक्य ऐकू आलं होतं.

थोरला मामाशेजारी फोनवर रस्ता सांगायला बसला. मधल्या सीटवर धाकटी, एकटी. सगळ्यात मागे कप्तान आणि बायको. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पुढ्यात माणसांची डोकी होती. त्यांच्याकडे पाठ करून बसायचीच त्याला सवय.

मामानं गाडी काढली ती दचके देत. फाटकाबाहेर येईतो दोनदा बंद पडली. मागून कुणी हॉर्न दिला की मामा घाबरून "हो हो, जा ना बाबा" असं काचेआड म्हणायचा. चढावर इंजिन रडायला लागलं तेव्हा कप्तान पुढे झुकला. "गिअर खाली घे…" बायकोनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्या हाताला केसांच्या रंगाचा वास होता.

"तुम्हाला मागे बसायचं होतं ना?" ती म्हणाली. "मग बसा."

तो मागे टेकला. काच उन्हानं कोमट झाली होती. गोदामाची लांब भिंत, तिच्यावरच्या फाटक्या जाहिराती, मग मोकळं मैदान, मैदानात वाळत घातलेल्या चादरी. हे सगळं याच रस्त्यावर होतं? भिंत संपायच्या आत त्याची मान पडली.

ती झोप दोन्ही डोळ्यांची होती. तिला तळ नव्हता, स्वप्न नव्हतं, काच वाजवणारं कुणी नव्हतं.

तो जागा झाला तो आवाजांनी. डोळे उघडायच्या आधी त्याला पापण्यांवरचं ऊन कळलं. ते आता आडवं झालं होतं. म्हणजे बराच वेळ गेला होता. गाडी चालत होती, बऱ्यापैकी सरळ.

"ताई, आता तरी घराकडे वळू?" मामा कुजबुजत होता. "हा पूल पुन्हा आला. पुलावरचा तो फुगेवाला मला ओळखायला लागलाय."

"वळू नकोस. थांबलास की उठतील."

"माझे हात भरून आले गं."

"येऊ देत. त्यांचे रोज येतात."

"बाबा घोरायचे थांबले," थोरला म्हणाला.

"हळू बोल."

कप्तान तसाच पडून होता. अंग इतकं सैल झालं होतं की कुठला हात आपला आणि कुठला सीटचा हे कळत नव्हतं. कुणाला हे सुख रोज मिळत असेल का, असा विचार मनात आला. मग आठवलं, रोज चाळीस जणांना मिळतं.

"ताई, खरं सांगू?" मामाच्या आवाजातली हवा गेली होती. "सरळ रस्ता जमेल मला. हळू जाऊ, पण जाऊ. 'उंच' होईल, पाण्याचं होईल. तो घाट मात्र नाही. मघाशी त्या साध्या वळणावर ब्रेक कुठला नि क्लच कुठला, तेच मला कळेना. पोरं घालून मी घाटात जाणार नाही, तू कितीही बोल."

"मी कुठे बोलतेय? बरं केलंस सांगितलंस." बायकोनं सुस्कारा सोडला. "दोनच करू मग."

"म्हणजे माझंच गेलं," धाकटी म्हणाली.

"पुढच्या सुट्टीत जाऊ गं."

"पुढच्या सुट्टीत बाबा परत दमलेले असतील."

ती रडत नव्हती. उद्या शाळा आहे, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मामानं उगाच आरसा सारखा केला.

कप्तानला ठाऊक होतं की आता काय बोलायचं. वाक्य तयार होतं, लहानसं होतं: घाटापुरतं मी घेतो. तेवढंच. चढण, उतरण, मग पुन्हा मागे. त्याला ती सगळी वळणं पाठ होती. कुठल्या वळणावर समोरचा ट्रक आधी दिसतो, कुठल्यावर फक्त ऐकू येतो. पहिलं वळण डोळ्यांपुढे आलं. खांद्यांनी आपोआप ते घेतलं, उजवा पाय बुटात आखडला, आणि मघाचा तो सैलपणा, आत्ता कुठे मिळालेला, पाणी झिरपावं तसा अंगातून जायला लागला. दुसरं वळण. तिसरं.

त्यानं वळण घेणं थांबवलं.

बोलू. घरी गेल्यावर बोलू. नाहीतर उद्या सकाळी. पण घरी गेल्यावरही तो बोलणार नव्हता आणि सकाळीही नाही, आणि हे त्याला आत्ताच कळत होतं, कारण स्वतःशी खोटं बोलायलासुद्धा थोडी ताकद लागते. तीन दिवसांतला एक दिवस. नऊ वर्षांच्या पोरीचा. ती दहाची होईल, मग बाराची, आणि त्या छोट्या मोटारीत तिचे गुडघे मावायचे नाहीत. हे सगळं त्याला दिसत होतं, डोळे मिटूनच.

शेजारी हालचाल झाली. बायको त्याच्यावर वाकली असावी, तिचा श्वास गालाला लागला. चेहरा झोपलेल्यासारखा ठेवणं त्याला जमलं, पण श्वास काही झोपलेल्याचा येईना.

"झोपलेल्याला उठवता येतं," ती अगदी हळू म्हणाली, फक्त त्याला ऐकू जाईल असं. "सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?"

त्यात राग नव्हता. दुकान बंद करताना शेवटचं गिऱ्हाईक आलं तर ती ज्या आवाजात "बसा" म्हणत असेल, तो आवाज होता. तो वाट बघत राहिला की ती आता हलवेल, चिमटा काढेल, पोरांना सांगेल. तिनं नुसता त्याच्या बाजूच्या खिडकीचा पडदा ओढला. पापण्यांवरचं ऊन गेलं.

"एक चक्कर अजून मार रे," ती मोठ्यानं म्हणाली.

"ताई!"

"मार म्हणते ना. आणि तू, पोरी, अशी उलटी गुडघ्यांवर बसू नकोस, पडशील. नीट बस."

सीट करकरली. इतका वेळ मागे तोंड करून त्याच्याकडे बघत बसलेली धाकटी वळली आणि पुढे तोंड करून बसली. आता त्यानं डोळे उघडले असते तरी त्याला फक्त तिच्या डोक्याची मागची बाजू दिसली असती.